जे. आर. डी. टाटा : आकाशाची ओढ

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातील भागीदार होते. आई सुझान फ्रेंच होती. विवाहानंतर ती सूनी या नावाने टाटा घराण्यात आली. त्यामुळे जहांगीर यांचे बालपण काही काळ फ्रान्समध्ये, तर काही काळ मुंबईत गेले. घरात संपत्ती होती. विमान चालवण्याची हौस बाळगणाऱ्या मुलासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी टाटा कुटुंब सुटीत राहत असे. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही तेथे घर होते. त्यांचा वैमानिक आदोल्फ पेगू हा कधीकधी तेथील वाळूवर विमान उतरवी. हा पेगू शेतकऱ्याचा मुलगा होता. विमान शिकण्यासाठी त्याच्या घरी पैसा नव्हता. सैन्यात भरती झाल्यामुळेच तो उडायला शिकला. सप्टेंबर १९१३ मध्ये त्याने विमानाचे नाक वर उचलून, क्षणभर उलटे होऊन, पूर्ण वर्तुळ काढीत पुन्हा सरळ येण्याची कसरत केली आणि तो युरोपभर गाजला. (रशियाच्या नेस्तेरॉव्ह या लष्करी अधिकाऱ्याने हीच कोलांटी काही दिवस आधी घेतली होती, पण लोकांच्या तोंडी नाव झाले ते पेगूचे.) पुढे १९१५ साली तो युद्धात मारला गेला. वाळूवर उभे राहून त्याचे विमान पाहणाऱ्या जहांगीरच्या मनात मात्र वैमानिक होण्याची इच्छा कायमची रुजली. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्याला विमानातून एक फेरी मारायला मिळाली.

शिक्षणाच्या बाबतीत जे. आर. डीं.च्या मनासारखे झाले नाही. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकावी असे त्यांना वाटत होते. परंतु वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले. १९२५ मध्ये ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून काम करू लागले. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांच्यावर मोठी जबाबदारी येऊन पडली. विमानविद्या शिकावी तर भारतात त्या वेळी तशी सोयच नव्हती. सरकारी साहाय्याने मुंबई, दिल्ली, कराची अशा शहरांत फ्लाइंग क्लब निघाले, तेव्हा कोठे ती वाट मोकळी झाली.

क्लबमध्ये शिकण्याचे पैसे तासांच्या हिशेबाने मोजावे लागत. सामान्य कारकुनाला किंवा शिक्षकाला हा खर्च झेपणारा नव्हता. जे. आर. डीं.ना त्याची चिंता नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण शिक्षक खाली उतरला आणि विमानात आपण एकटेच उरलो, की घराण्याचे नाव उपयोगी पडत नाही. विमान गिरकी घेत खाली येऊ लागले, तर त्यातून ते बाहेर काढणारा हात आपलाच असावा लागतो. हा हात जे. आर. डीं.कडे होता. थोड्याच तासांच्या शिक्षणानंतर ते एकट्याने उडू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना होता.

त्याच सुमारास आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधील प्रवास, कोणत्याही एका दिशेने, एकट्याने आणि एका महिन्याच्या आत विमानाने पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. रावळपिंडीचे मनमोहन सिंग यांनी हा प्रवास केला, परंतु तो मुदतीत बसला नाही. मे १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले. समोरून, इंग्लंडहून कराचीकडे, अस्पी इंजिनिअर नावाचा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा येत होता. अस्पी रेल्वेतील एका अभियंत्याचा मुलगा. घर खाऊनपिऊन सुखी. पण टाटांच्या ऐश्वर्याशी त्याची तुलनाच नव्हती. त्याच वर्षी आर. एन. चावला यांच्यासह कराचीहून इंग्लंडपर्यंत उडून त्याने वाटेची माहिती करून घेतली होती.

दोघांची गाठ इजिप्तमधील अबूकीर येथे पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. जे. आर. डीं.जवळ जादा प्लग होते. प्रतिस्पर्धी अडकला आहे, आपण पुढे निघून जावे, असा विचार त्यांनी केला असता तर स्पर्धेच्या नियमांनुसार त्यात काहीही गैर नव्हते. त्यांनी प्लग देऊन टाकले. अस्पीने त्याबद्दल आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले आणि दोघे आपापल्या दिशांना निघाले. ११ मे रोजी अस्पी कराचीला पोहोचला आणि बक्षीस त्याने जिंकले. पुढे तो हवाई दलात गेला. १९६० ते १९६४ या काळात एअर मार्शल अस्पी इंजिनिअर भारताचे हवाई दलप्रमुख होते.

जे. आर. डीं.च्या पुढच्या कामातही पैसा आणि कसब यांची अशीच गाठ पडली. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलात काम केलेला अनुभवी वैमानिक होता. टपाल वाहून नेणाऱ्या विमानसेवेची योजना त्याच्याजवळ होती, भांडवल नव्हते. जे. आर. डीं.नी ती योजना टाटा कंपनीपुढे मांडली. वडीलधारे दोराबजी टाटा आरंभी अनुत्सुक होते. अखेर त्यांनी मान्यता दिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. स्वतः पुस मॉथ विमानातून कराचीची टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले. दुपारी विमान जुहूला उतरले आणि तेथून पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंटने पार पाडला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे.

या छोट्या सेवेतूनच १९४६ साली एअर इंडिया उभी राहिली. जून १९४८ मध्ये तिचे विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ मध्ये ती सरकारच्या मालकीची झाली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपदी जे. आर. डी.च होते. व्हिन्सेंट हे वैभव पाहायला उरला नव्हता. १९४२ साली इंग्लंडहून भारताकडे येताना त्याचे विमान नाहीसे झाले.

पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ऑक्टोबर १९८२ मध्ये जे. आर. डीं.नी जुन्या बनावटीच्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षे होते. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांचे दफन त्यांच्या जन्मगावी, पॅरिसमध्ये करण्यात आले.