एका सहीनंतरची पन्नास वर्षे

सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे नाव आज शालेय पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरते उरले आहे. काँग्रेसच्या पहिल्या पिढीतील नेमस्त नेते आणि प्रभावी वक्ते एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. मात्र त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ सरकारी सेवेतून झालेल्या बडतर्फीने झाला होता, आणि त्या बडतर्फीमागे त्यांची स्वतःची एक चूक होती.

१८४८ साली कलकत्त्यात एका डॉक्टरांच्या घरी जन्मलेले सुरेंद्रनाथ १८६८ मध्ये रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त यांच्यासह इंग्लंडला गेले. पुढच्याच वर्षी ते सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या वाट्याला पहिला नकार आला तो यानंतर लगेच. भारतात वय मोजताना चालू वर्ष धरण्याची रीत होती. त्यामुळे मॅट्रिकच्या वेळी नोंदवलेल्या वयाशी परीक्षेसाठी दिलेल्या वयाचा मेळ बसेना. त्यांचे आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचे नाव यादीतून वगळण्यात आले. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली आणि आपले स्थान परत मिळवले. दरम्यान मायदेशी त्यांच्या वडिलांचे निधन झाले होते.

१८७१ मध्ये सिल्हेट येथे साहाय्यक दंडाधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे चोरीच्या एका खटल्यातील आरोपी फरार नसतानाही फरारींच्या यादीत नोंदवला गेला, आणि त्या आदेशावर सुरेंद्रनाथांची सही होती. कामाच्या गर्दीत, समोर आलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यात ती सही झाली, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी आयोगाने त्यांना दोषी ठरवले. १८७४ मध्ये दरमहा ५० रुपयांचे निवृत्तिवेतन देऊन त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आले. इंग्रज अधिकाऱ्याला अशा चुकीबद्दल एवढी शिक्षा झाली नसती, असे ते अखेरपर्यंत मानत राहिले. अनेक समकालीनांचेही तेच मत होते.

या प्रकरणाच्या दोन बाजू आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. न वाचता केलेली सही हा दोषच होता, कारण तिच्यामुळे एका सामान्य माणसावर अन्याय होत होता. मात्र तो दोष नवख्या अधिकाऱ्याचा आणि सुधारता येण्यासारखा होता. शिक्षा देणाऱ्यांनी त्या चुकीचे माप ठरवण्याऐवजी त्या माणसाचेच माप ठरवून टाकले.

सुरेंद्रनाथ अपील घेऊन लंडनला गेले. ते फेटाळले गेले. वकिलीचा मार्ग उरला होता, पण बडतर्फ व्यक्ती म्हणून मिडल टेंपलनेही त्यांना सनद नाकारली. तरीही ते इंग्लंडमध्ये आणखी काही काळ राहिले आणि बर्क, मॅझिनी यांच्या अभ्यासात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. १८७५ मध्ये परतल्यावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या मेट्रोपॉलिटन संस्थेत त्यांना इंग्रजीचे अध्यापक नेमले. सरकारने टाकलेल्या माणसाला विद्यासागरांनी वर्ग दिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात दुर्लक्षिता येणार नाही.

पुढचा क्रम वेगवान आहे. २६ जुलै १८७६ रोजी इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. त्याच दिवशी त्यांचा मुलगा गेला, तरी ते सभेला उपस्थित राहिले. सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली, तेव्हा त्यांनी लाहोरपासून मद्रासपर्यंत देश पिंजून काढला. ज्या सेवेने त्यांना बाहेर घालवले होते, तिची दारे इतरांसाठी खुली राहावीत म्हणून ते लढत होते. त्यांच्या दुःखाला सार्वजनिक अर्थ आला तो येथे. पुढे ते दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १८९५ मध्ये पुण्यात आणि १९०२ मध्ये अहमदाबादेत.

पहिल्या चुकीने त्यांना कायमचे सावध केले, असे मात्र म्हणता येत नाही. १८८३ मध्ये दुसऱ्या एका पत्रातील वृत्तावर विसंबून त्यांनी आपल्या ‘बेंगाली’ या पत्रात न्यायमूर्ती नॉरिस यांच्यावर कठोर टीका केली. वृत्तात त्रुटी होती. सुरेंद्रनाथांनी माफी मागितली, तरी त्यांना दोन महिन्यांचा कारावास झाला. माणूस एकदा शिकला म्हणजे कायमचा शिकला, असे नसते. फरक इतकाच की या वेळी त्यांनी चूक उघडपणे मान्य केली.

अखेरचा नकार स्वकीयांचा होता. गांधीयुगात त्यांचा मार्ग जुना ठरला. मंत्री या नात्याने त्यांनी कलकत्ता महानगरपालिकेचा कारभार लोकप्रतिनिधींच्या हाती देणारा कायदा केला. त्याच १९२३ साली डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी निवडणुकीत त्यांचा पराभव केला. १९२५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध करून, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आज लाखो तरुण दरवर्षी सनदी सेवेची परीक्षा देतात आणि सुमारे हजारभर निवडले जातात. उरलेल्यांना सुरेंद्रनाथांचे आयुष्य एवढे सांगू शकते की एका संस्थेचा नकार हा साऱ्या आयुष्यावरचा निकाल नसतो. निवडले गेलेल्यांसाठीही त्यात एक इशारा आहे. न वाचता सही करणारा अधिकारी घातक असतो, आणि चुकीच्या भीतीने कोणत्याच फायलीवर सही न करणाराही तितकाच घातक असतो. पहिल्याच चुकीला कलंक ठरवणारी व्यवस्था दुसऱ्या प्रकारचे अधिकारी घडवते. चुकीचा जाब जरूर घ्यावा. पण तिची नोंद माणसाच्या नावावर कायमची चढवू नये. १८७४ मध्ये सरकारने तशी नोंद चढवली, आणि एका होतकरू अधिकाऱ्याला ते कायमचे मुकले.