बेला लुगोसी

बेला लुगोसी (मूळ नाव: बेला फेरेंत्स देझ्यो ब्लाश्को; जन्म: २० ऑक्टोबर १८८२, लुगोस, हंगेरीचे राज्य; मृत्यू: १६ ऑगस्ट १९५६, लॉस एंजेलस, अमेरिका) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन नाट्य व चित्रपट अभिनेते होते. १९३१ साली प्रदर्शित झालेल्या 'ड्रॅक्युला' या बोलपटातील काउंट ड्रॅक्युलाच्या भूमिकेमुळे ते जगभर ओळखले जातात. रक्तपिशाच म्हटले की काळा झगा, मागे वळवलेले चपचपीत केस, रोखलेली नजर आणि परदेशी धाटणीचे संथ उच्चार असे जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते मुख्यतः लुगोसी यांच्या अभिनयातून रूढ झाले. मात्र या प्रतिमेचा आर्थिक लाभ त्यांना फारसा मिळाला नाही आणि तिच्याबाहेर पडून वेगळ्या भूमिका करण्याची त्यांची धडपड बव्हंशी निष्फळ ठरली. त्यांच्या मृत्यूनंतर या प्रतिमेवर मालकी कोणाची, हा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

प्रारंभिक जीवन

लुगोसी यांचा जन्म बनात प्रदेशातील लुगोस या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते रोमानियात असून लुगोज या नावाने ओळखले जाते. चार भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील इश्तवान ब्लाश्को यांनी पावभट्टीचा व्यवसाय सोडून पुढे बँकेत काम केले. बेला यांनी लहान वयातच शाळा सोडली आणि काही काळानंतर ते फिरत्या नाटक मंडळ्यांत दाखल झाले. रंगभूमीवर त्यांनी आपल्या जन्मगावावरून लुगोसी हे नाव धारण केले. मराठीत गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव तयार होते, तसाच हा प्रकार असून त्याचा अर्थ 'लुगोसचा' असा होतो. हंगेरियन भाषेत या नावाचा उच्चार 'लुगोशी' असा आहे. अमेरिकेत मात्र 'लुगोसी' हा उच्चार रूढ झाला.

हंगेरीतील रंगभूमी आणि देशत्याग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लुगोसी यांनी प्रांतोप्रांतीच्या रंगमंचांवर अनेक भूमिका केल्या. त्यांत शेक्सपिअरच्या रोमिओसारख्या नायकाच्या भूमिकाही होत्या. १९११ मध्ये ते बुडापेस्टला आले आणि १९१३ पासून तेथील राष्ट्रीय नाट्यगृहात काम करू लागले. येथे त्यांच्या वाट्याला बहुतेक दुय्यम भूमिका आल्या. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात भरती झाले. रशियन आघाडीवर ते जखमी झाले आणि १९१६ मध्ये त्यांना सेवामुक्त करण्यात आले. १९१७ पासून त्यांनी हंगेरियन मूकपटांत कामे केली. त्यांपैकी काहींत त्यांनी अरिस्तिद ओल्त हे टोपणनाव वापरले.

१९१९ मध्ये बेला कुन यांच्या नेतृत्वाखाली हंगेरीत सोव्हिएत पद्धतीचे सरकार आले. या काळात लुगोसी यांनी नटांची कामगार संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. काही महिन्यांतच हे सरकार कोसळले आणि त्याच्या समर्थकांवर दडपशाही सुरू झाली. लुगोसी यांना देश सोडावा लागला. ते प्रथम व्हिएन्नाला व नंतर बर्लिनला गेले. जर्मनीत त्यांनी अनेक मूकपटांत भूमिका केल्या. १९२० च्या 'डेर यानुसकॉप्फ' या मूकपटात त्यांनी नोकराची छोटी भूमिका केली होती. त्याचे दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनीच पुढे १९२२ मध्ये 'नोस्फेराटू' हा रक्तपिशाचावरील विख्यात चित्रपट केला. 'डेर यानुसकॉप्फ'ची प्रत आज उपलब्ध नाही.

अमेरिकेत आगमन

१९२० च्या अखेरीस लुगोसी एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून काम करत न्यू ऑर्लीन्स बंदरात उतरले आणि तेथून न्यूयॉर्कला गेले. सुरुवातीस त्यांनी हंगेरियन स्थलांतरितांसाठी त्यांच्याच भाषेत नाटके केली. १९२२ मध्ये 'द रेड पॉपी' या नाटकाद्वारे ते इंग्रजी रंगभूमीवर आले. त्या वेळी त्यांना इंग्रजी नीट येत नव्हते. संवादांचे उच्चार ऐकून त्यांनी आपली भूमिका पाठ केली. १९२३ च्या 'द सायलेंट कमांड' या मूकपटापासून त्यांच्या अमेरिकन चित्रपटांना प्रारंभ झाला. १९३१ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

'ड्रॅक्युला' नाटक

आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीतील काउंट प्रथम दिसतो तो पांढऱ्या मिशांचा, तळहातांवर केस असलेला वृद्ध म्हणून. मुर्नाऊ यांच्या 'नोस्फेराटू'मधील रक्तपिशाच टक्कल पडलेला, उंदरासारख्या दातांचा व किळस वाटावी असा आहे. हा मूकपट स्टोकर यांच्या वारसांची परवानगी न घेता तयार झाला होता. स्टोकर यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही काही प्रती वाचल्या.

इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीन यांनी १९२४ मध्ये रीतसर परवानगीने कादंबरीचे नाट्यरूपांतर केले. घरातल्या दिवाणखान्यात वावरू शकेल असा काउंट हवा म्हणून त्याला पाहुण्याचा सभ्य पोशाख देण्यात आला. झग्याची उंच, ताठ कॉलरही याच नाटकातून आली. प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या नटाचे डोके त्या कॉलरीमागे झाकले जाई आणि त्याला रंगमंचाच्या फळीतील चोरदारातून अदृश्य होता येई.

जॉन बाल्डरस्टन यांनी अमेरिकेसाठी या नाटकाची नवी संहिता सिद्ध केली. ५ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या फुल्टन नाट्यगृहात ते सुरू झाले आणि तेथे त्याचे २६१ प्रयोग झाले. काउंटच्या भूमिकेत लुगोसी होते. पोशाख व रंगमंचीय युक्त्या त्यांना आयत्या मिळाल्या होत्या; परंतु उंच देहयष्टी, सावकाश व डौलदार हालचाली आणि शब्दाशब्दांत थांबत केलेले हंगेरियन वळणाचे उच्चार ही त्यांची स्वतःची भर होती. जे उच्चार इतर भूमिका मिळण्यात अडसर होते, तेच या भूमिकेचे बळ ठरले. किळसवाणा वाटणारा रक्तपिशाच त्यांच्यामुळे आकर्षक आणि म्हणूनच अधिक धोकादायक झाला.

'ड्रॅक्युला' चित्रपट

युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने 'ड्रॅक्युला'वर बोलपट काढण्याचे ठरवले, तेव्हा लुगोसी ही तिची पहिली पसंती नव्हती. मूकपटांच्या काळातील नामवंत अभिनेते लॉन चेनी यांच्या नावाचा विचार होता. परंतु ऑगस्ट १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. इतरही काही नटांची नावे पुढे आली. लुगोसी यांनी भूमिकेसाठी चिकाटीने प्रयत्न केले आणि आठवड्याला ५०० डॉलर या दराने सात आठवड्यांच्या कामासाठी ३,५०० डॉलर एवढे अल्प मानधन स्वीकारले.

टॉड ब्राउनिंग यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेब्रुवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉक्सी चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. कार्ल फ्रॉइंड हे त्याचे छायालेखक होते. त्याच नेपथ्यावर रात्रीच्या वेळी निराळ्या नटसंचासह स्पॅनिश आवृत्तीचेही चित्रीकरण झाले. तीत कार्लोस व्हियारियास यांनी काउंटची भूमिका केली.

पुढील काळातील भयपटांच्या तुलनेत हा चित्रपट अतिशय संयमित आहे. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. काउंटचे सुळे दिसत नाहीत आणि मानेवरील दंशाच्या खुणाही दाखवलेल्या नाहीत. भीतीचा सगळा भार नटाच्या मुद्रेवर आहे. अंधाऱ्या चौकटीत लुगोसी यांच्या डोळ्यांवरच प्रकाशाचे अरुंद झोत टाकण्यात आले होते. चित्रपटाच्या उत्तरार्धाची मांडणी नाटकी आणि संथ असल्याची टीका झाली असली, तरी लुगोसी यांच्या अभिनयाचा प्रभाव समीक्षक मान्य करतात. या चित्रपटाच्या यशाने हॉलिवूडमध्ये भयपटांची लाट सुरू झाली.

साचेबंद भूमिका

युनिव्हर्सलने पुढील 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) या चित्रपटासाठी लुगोसी यांचा विचार केला होता. जाड रंगभूषेखाली चेहरा झाकला जाणारी, संवाद नसलेली राक्षसाची भूमिका त्यांना रुचली नाही. दिग्दर्शकही बदलला आणि ती भूमिका बोरिस कार्लोफ यांच्याकडे गेली. कार्लोफ तिच्यामुळे रातोरात प्रसिद्ध झाले आणि मानधन व श्रेयनामावलीतील स्थान या दोन्ही बाबतींत ते लवकरच लुगोसी यांच्या पुढे गेले. पुढे 'द ब्लॅक कॅट' (१९३४), 'द रेव्हन' (१९३५), 'द बॉडी स्नॅचर' (१९४५) इत्यादी चित्रपटांत दोघे एकत्र दिसले.

'व्हाइट झॉम्बी' (१९३२) हा झॉम्बी या विषयावरील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. त्यात लुगोसी यांनी केलेली मांत्रिकाची भूमिका त्यांच्या उत्तम कामांत गणली जाते. तथापि निर्माते त्यांना खलनायक, वेडा शास्त्रज्ञ किंवा पिशाच यांपलीकडे भूमिका देण्यास राजी नव्हते. त्यातच मिळेल ते काम मिळेल त्या मोबदल्यात घेण्याची सवय आणि हात सैल ठेवून केलेला खर्च यांमुळे त्यांची आर्थिक घडी कधीच नीट बसली नाही. १९३२ मध्येच त्यांच्यावर दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली.

१९३६ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये भयपटांची निर्मिती थंडावली. ब्रिटनमध्ये अशा चित्रपटांना होणारा विरोध आणि युनिव्हर्सलमधील मालकीबदल ही त्याची प्रमुख कारणे होती. लुगोसी बेकार झाले. जानेवारी १९३८ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्या काळात कर्जापायी राहते घरही त्यांच्या हातून गेले. त्याच वर्षी लॉस एंजेलसच्या रेजिना चित्रपटगृहाने 'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा दाखवले आणि प्रेक्षकांची अनपेक्षित गर्दी लोटली. परिणामी युनिव्हर्सलने 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३९) काढला. त्यातील मोडक्या मानेचा, धूर्त इगोर ही लुगोसी यांची ड्रॅक्युलाखेरीज सर्वांत गाजलेली भूमिका होय. त्याच वर्षीच्या 'निनोच्का' या विनोदी चित्रपटात त्यांनी सोव्हिएत अधिकाऱ्याची छोटी भूमिका केली. वेगळ्या प्रकारच्या भूमिकेत ते सहज शोभून दिसतात, याचा तो पुरावा आहे. परंतु तशी संधी पुन्हा क्वचितच आली.

१९४१ ते १९४४ या काळात त्यांनी मोनोग्राम या अल्पखर्ची चित्रसंस्थेसाठी नऊ चित्रपट केले. 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' (१९४३) मध्ये त्यांना एकेकाळी नाकारलेली राक्षसाची भूमिका करावी लागली. कथेनुसार हा राक्षस आंधळा व बोलका होता. संकलनात संवाद आणि अंधत्वाचा उल्लेख दोन्ही कापले गेले. मागे राहिली ती हात पुढे पसरून चाचपडणारी चाल. पुढे तीच फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची सर्वपरिचित लकब बनली. 'अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' (१९४८) या विनोदी चित्रपटात लुगोसी पुन्हा काउंट ड्रॅक्युला झाले. इतर चित्रपटांत त्यांनी रक्तपिशाच रंगवले असले, तरी पूर्ण लांबीच्या चित्रपटात प्रत्यक्ष ड्रॅक्युला त्यांनी या दोनच वेळा साकारला.

व्यसन आणि अखेरची वर्षे

लुगोसी यांना सायटिकाच्या तीव्र वेदनांचा त्रास होता. तिचा संबंध युद्धातील दुखापतींशी जोडला जातो. वेदनाशमनासाठी वैद्यकीय उपचार म्हणून सुरू झालेल्या मॉर्फिनचे, व पुढे मेथाडोनचे, त्यांना व्यसन जडले. १९५३ मध्ये चौथ्या पत्नी लिलियन यांच्याशी त्यांचा वीस वर्षांचा संसार मोडला. एप्रिल १९५५ मध्ये ते स्वतः होऊन कॅलिफोर्नियातील नॉरवॉक येथील सरकारी रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांनी आपले व्यसन वृत्तपत्रांपुढे उघडपणे मान्य केले. चित्रपटकलावंताने अशी कबुली देणे त्या काळी विरळा होते. ऑगस्टमध्ये ते उपचार पूर्ण करून बाहेर पडले आणि त्याच महिन्यात त्यांनी होप लिनिंगर यांच्याशी पाचवा विवाह केला.

या वर्षांत दिग्दर्शक एड वुड यांनी त्यांना 'ग्लेन ऑर ग्लेंडा' (१९५३) व 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' (१९५५) या अत्यल्प खर्चाच्या चित्रपटांत भूमिका दिल्या. १६ ऑगस्ट १९५६ रोजी हृदयविकाराने लुगोसी यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी चित्रित केलेली त्यांची काही मूक दृश्ये वुड यांनी 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या चित्रपटात वापरली. उरलेल्या दृश्यांत दुसऱ्याच व्यक्तीने झग्याने चेहरा झाकून त्यांची जागा भरून काढली.

कल्व्हर सिटी येथील होली क्रॉस दफनभूमीत लुगोसी यांना ड्रॅक्युलाच्या झग्यासह पुरण्यात आले. ही त्यांची अंतिम इच्छा होती असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात तो निर्णय त्यांचा मुलगा व लिलियन यांनी घेतला होता.

प्रतिमेच्या हक्काचा खटला

१९६० नंतर युनिव्हर्सलने ड्रॅक्युलाचे चित्र असलेली खेळणी, मुखवटे, कपडे इत्यादी वस्तू तयार करण्याचे परवाने अनेक उत्पादकांना दिले. त्या चित्रांतील चेहरा लुगोसी यांचा होता. त्यांची पत्नी होप आणि मुलगा यांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. चित्रपटाच्या करारात लुगोसी यांनी आपला चेहरा अशा वस्तूंसाठी विकला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. मात्र अपिलात तो फिरला. अखेर १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, स्वतःच्या नावाचा व चेहऱ्याचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क वैयक्तिक असून तो हयातीतच बजावावा लागतो. वारसांकडे तो जात नाही. स्टोकर यांच्या पत्नीला कादंबरीवरील हक्काचे संरक्षण मिळाले होते. लुगोसी यांच्या पत्नीला पतीच्या चेहऱ्यावरील हक्क मिळाला नाही.

या निकालावर बरीच चर्चा झाली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने केलेला कायदा १९८५ पासून लागू झाला. त्यानुसार दिवंगत व्यक्तीचे नाव व प्रतिमा यांवरील हक्क ठरावीक मुदतीपर्यंत वारसांना मिळाला.

वारसा

१९५८ पासून ब्रिटिश चित्रपटांत क्रिस्टोफर ली यांनी सुळे व रक्त दाखवणारा अधिक हिंस्र ड्रॅक्युला उभा केला, तरी लुगोसी यांची प्रतिमा मागे पडली नाही. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील अंक मोजणारा काउंट हा बाहुला त्यांच्याच काउंटवर बेतलेला आहे. टिम बर्टन यांच्या 'एड वुड' (१९९४) या चित्रपटात लुगोसी यांची अखेरची वर्षे रंगवल्याबद्दल मार्टिन लँडाऊ यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. स्वतः लुगोसी यांना ऑस्करचे नामांकन कधीही मिळाले नव्हते. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत 'ड्रॅक्युला'चा समावेश जतन करण्यायोग्य कलाकृती म्हणून झाला. स्पॅनिश आवृत्तीचा समावेश २०१५ मध्ये झाला.