वाँटेजमधील पंडिता

वाचकहो, पंडिता रमाबाई हे नाव उच्चारताच आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहते. दुष्काळातून वाचविलेल्या मुली, छापखाना आणि पांढऱ्या वस्त्रांतील ती स्थिरचित्त माउली. आज मात्र केडगाव थोडे बाजूला ठेवून एका विद्यार्थिनीकडे पाहू या. वय पंचवीस, सोबत दोन वर्षांची मनोरमा, पती कॉलऱ्याने वारल्यास जेमतेम सव्वा वर्ष झालेले, आणि समोर एक अनोळखी देश.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकशास्त्र शिकावयाचे या हेतूने. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकाचे उत्पन्न उपयोगी पडले. राहण्याजेवण्याची सोय वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या धर्मभगिनींकडे झाली. परंतु तीही फुकट नको, म्हणून हिंदुस्थानात सेवेला निघणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे असे ठरले. मातापित्यांबरोबर आणि पुढे भावाबरोबर हजारो मैल पायी हिंडलेल्या या बाईला परक्या गावात पथारी पसरण्याचे भय नव्हते. तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळेत निदान कोणी तिच्या श्रद्धेचा हिशेब मागत नसे.

पहिला आघात कानांनी केला. त्यांना ऐकू कमी येत असे आणि हा दोष वाढतच होता. वैद्यकीच्या अभ्यासाचे दार त्यामुळे बंद झाले. दुसरा आघात याहून भयंकर. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच स्वतःचे जीवन संपविले. पुढे ऑक्सफर्डला माक्स म्युलर यांच्या घरी राहावयास गेल्या असता रमाबाईंना रात्री एकटे झोपवत नसे. एक मोलकरीण त्यांच्या खोलीत निजत असे. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांची मुले दूर देशी शिकत आहेत त्यांनी या खोलीचा थोडा विचार करावा. घरी येणाऱ्या पत्रांत अशा रात्रींविषयी सहसा काही लिहिलेले नसते.

याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे नेले होते. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात असलेले त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीची कोणी सेवा करावी, ही गोष्ट त्यांना नवी होती. याचे मूळ कोठे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली.

इथपर्यंतचा वृत्तान्त आपण आवडीने सांगतो. यापुढचा पुष्कळदा घाईने उरकतो, आणि माझ्या मते खरे शिक्षण तेथेच आहे. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू लागल्या. तेथे त्या संस्कृतही शिकवीत. प्राचार्या डॉरोथिया बील या विचारी बाई होत्या. शंका विचारणाऱ्या विद्यार्थिनीला त्या बंडखोर समजत नसत. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन मात्र रमाबाईंच्या आध्यात्मिक माता. त्यांचा जीव तुटे आणि त्या रागावतही. रमाबाई अंडेसुद्धा खात नाहीत, हा जातीचा अभिमान तर नव्हे? क्रूसावरील लॅटिन अक्षरे त्यांना नकोत, त्याऐवजी संस्कृत हवीत, हा कसला हट्ट? त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी इतके प्रश्न कशासाठी? मनोरमेला काय शिकवावे, हे आईने ठरवावे की मंडळीने?

रमाबाईंची भूमिका अशी होती की, ख्रिस्ताने जे मागितले नाही ते कोणी माणसाने मागू नये. पोशाख, अन्न आणि भाषा यांत पापाचा लेशही नसेल तर ती टाकण्याचे कारण नाही. ज्यांना लॅटिन कळत नाही अशा आपल्या भगिनींपुढे क्रूसाने त्यांच्या ओळखीच्या अक्षरांत बोलावे. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना रमाबाईंनी शिकवावे अशी एक सूचना आली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. याने स्वदेशात त्यांच्याविषयी गैरसमज होईल असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरसभांतून व्याख्याने दिली तिला हे ऐकावे लागले! त्यांनी पत्रांतून अत्यंत कडक उत्तरे दिली. जेराल्डीनबाईंची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. त्यांनी ज्या विद्यार्थिनीला आसरा दिला, जिच्या मुलीला सांभाळले, तिने आपले ऐकू नये याचे दुःख कोणाला होणार नाही? अन्नाचे ऋण मानायचे आणि तरीही विवेक गहाण टाकावयाचा नाही, ही कसरत रमाबाईंना रोज करावी लागली. त्या कधी कठोर बोलल्या, हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करावे.

१८८६ च्या आरंभी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. ठरविले होते काही महिन्यांचे, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले, तेव्हा तेथे येणाऱ्या विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. वाँटेजच्या जेवणाच्या टेबलावर जे स्वातंत्र्य त्यांना भांडून घ्यावे लागले होते, ते त्यांनी या मुलींना न मागता दिले. आयुष्याच्या शेवटी हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले, तेही अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीत.

त्या वादाची सारी पत्रे कोणी जपली, ठाऊक आहे? भगिनी जेराल्डीन यांनीच. ज्या पत्रांत त्यांच्याशी जोरदार मतभेद मांडलेला होता, तीच त्यांनी एकेक करून गोळा केली आणि क्रमाने लावून ठेवली. रमाबाईंच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी, १९७७ साली, तो संग्रह मुंबईत छापला गेला. आपण तो उघडला तर दिसेल की, या इंग्रज संन्यासिनीला रमाबाई आपल्या पत्रांत ‘आजीबाई’ म्हणतात.