लसूणघासाचा साधक : वेन्डेलिन ग्रिम

आमच्या गोठ्यामागच्या वाफ्यातला लसूणघास मी लहानपणापासून कापत आलो. कापला की महिन्याभरात वाफा पुन्हा हिरवागार! यात कधी नवल वाटले नाही. वेन्डेलिन ग्रिमचे चरित्र वाचले, तेव्हा मात्र या घासाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

ग्रिमचा जन्म 1818 चा. जर्मनीतील बाडेन प्रांतात, क्युल्सहाइम गावी त्याचे घर होते. 1857 साली तो बायकोमुलांसह अमेरिकेला गेला आणि मिनेसोटातील कार्व्हर परगण्यात त्याने शेती मांडली. सोबत नेलेल्या सामानात 15-20 पौंड लसूणघासाचे बी होते.

1858 मध्ये त्याने ते पेरले. पण मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे पारा शून्याखाली कितीतरी अंश उतरणारा! पुष्कळशी रोपे थंडीने मेली. दुसरा कोणी असता तर त्याने शेत नांगरून टाकले असते. ग्रिमने तसे केले नाही. जी रोपे तगली, त्यांचे बी त्याने धरले आणि तेच पुन्हा पेरले. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. दर हिवाळा दुबळ्या रोपांना बाद करी आणि उरलेल्यांचा वंश पुढे जाई. अखेर थंडीला दाद न देणारा घास त्याच्या शेतात उभा राहिला.

त्याच सुमारास युरोपात मेंडेल वाटाण्याच्या रोपांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करीत होता. जगाला त्याचे महत्त्व पटले ते 1900 साली. योगायोग असा, की त्याच वर्षी ग्रिमच्या घासाची वार्ता मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांच्या कानी गेली. पण ग्रिम 1890 मध्येच निवर्तला होता. पुढे हा वाण अमेरिकेच्या उत्तर भागात दूरवर पसरला. जांभळ्या फुलांच्या घासात पिवळ्या फुलांच्या काटक जातीचा संकर झाल्याने त्याला हे बळ आले, असे शास्त्रज्ञांनी सांगितले.

थंडीला पुरून उरलेला हा घास पुढे जिवाणूजन्य मर रोगापुढे मात्र नमला. मग रोगाला तोंड देणारे नवे वाण निघाले; 1942 चा 'रेंजर' त्यांपैकी एक. तिथेही मूळ रीत तीच : जे तगेल, त्याचे बी धरायचे.

1924 साली ग्रिमच्या शेतावर स्मारक उभे राहिले. ते पाहायला तो नव्हता. मला वाटते, तो त्यासाठी खपलाही नव्हता. गुरांना चारा हवा, एवढीच त्याची निकड होती.

यंदा वडिलांनी बी धरण्यासाठी एक वाफा न कापता ठेवला आहे. पूर्वी मला तो आळस वाटे.