शिपाई म्हणून नोकरी केली अन् बर्फाचं चक्र उलगडलं : जेम्स क्रोल यांची कहाणी

स्कॉटलंडच्या पर्थशायर भागात २ जानेवारी १८२१ रोजी जेम्स क्रोल यांचा जन्म झाला. घरी थोडी शेती होती. वडील गवंडीकामासाठी बाहेरगावी असायचे. त्यामुळे तेराव्या वर्षीच शाळा सुटली अन् आईसोबत शेतात राबावं लागलं. वाचनाचं वेड मात्र सुटलं नाही.

पुढे ते गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारे मिस्त्री झाले. हाताचं कोपर अधू झालं अन् जड काम बंद पडलं. चहाचं दुकान टाकलं, ते बसलं. लॉज चालवलं, तेही चाललं नाही. मग विम्याच्या पॉलिसी विकत फिरले.

अखेर १८५९ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, ग्लासगोच्या अँडरसोनियन संस्थेत ते शिपाई म्हणून लागले. पगार तुटपुंजा, पण तिथे विज्ञानाची मोठी लायब्ररी होती. भाऊ कामाला हात लावायचा अन् क्रोल पुस्तकांत बुडून जायचे.

युरोपात एकेकाळी बर्फाचे प्रचंड थर होते, ते आले कसे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट हजारो वर्षांत कमी-जास्त लांबट होते, हे माहीत होतं. पण त्यामुळे उष्णतेत पडणारा फरक अगदी थोडा. तेवढ्यावर हिमयुग येईल कसं?

क्रोल यांनी नेमकी मेख ओळखली. हिवाळा लांबला की बर्फ जास्त साचतो. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. त्याच्यावरची हवा गार पडून वाफेचं धुकं अन् ढग होतात, तेही ऊन अडवतात. मग उन्हाळ्यातही बर्फ वितळत नाही, गारठा वाढतो अन् आणखी बर्फ साचतो. म्हणजे कारणातून परिणाम होतो अन् तोच परिणाम कारणाला बळ देतो.

१८६४ मध्ये त्यांचा लेख छापून आला. लेखक शिपाई आहे हे कळल्यावर भले भले चकित झाले. डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार झाला. १८६७ मध्ये ते भूगर्भ सर्वेक्षण खात्यात गेले. नोकरीच्या परीक्षेत गणित अन् इंग्रजी लेखनात नापास झाले होते, पण काम पाहून त्यांना घेतलं गेलं. १८७५ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य केलं. तब्येतीमुळे १८८० मध्ये नोकरी सोडावी लागली. पेन्शन नाममात्र मिळाली. १५ डिसेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं.

हिमयुग संपल्याचा त्यांनी सांगितलेला काळ चुकला, म्हणून त्यांचं सगळंच म्हणणं मागे पडलं. पुढे मिलान्कोविच यांनी ते गणित सुधारलं. १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळातून पृथ्वीच्या वाटेचा अन् हिमयुगांचा संबंध पक्का झाला.

आज तेच चक्र उलटं फिरतंय. कोळसा अन् डिझेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या पुढे गेलाय. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते अन् ती वाफही उष्णता धरून ठेवते. उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वितळून खालचं काळंशार पाणी उघडं पडतंय. ताजा बर्फ दहातलं आठ भाग ऊन परतवतो, पाणी मात्र नऊ भाग शोषून घेतं. त्यामुळे आणखी बर्फ वितळतो.

छोटा धक्का मोठा कसा होतो, हे शाळा अर्धवट सुटलेल्या त्या शिपायाने दीडशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवलं होतं.