संकटातही हिशेब मागणारा कोकणचा खासदार

बेळगावात १७ जानेवारी हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. सीमाभाग महाराष्ट्रात यावा या मागणीसाठी १९५६ साली ज्यांनी प्राण दिले, त्यांचे स्मरण त्या दिवशी होते. १९७१ साली या दिवशी बॅरिस्टर नाथ पै बेळगावात आले होते. हुतात्म्यांना आदरांजली वाहताना ते बोलले. ते त्यांचे अखेरचे भाषण ठरले. दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीला, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८ वर्षांचे. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा बरखास्त झाली होती. राजापूर मतदारसंघातले लोक आपल्या नाथला चौथ्यांदा दिल्लीला पाठवण्याच्या तयारीत होते. त्यांच्यावर नाथच्या आठवणी काढण्याची वेळ आली.

नाथ पैंचे नाव निघाले की आजही प्रथम आठवते ते त्यांचे वक्तृत्व. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. संस्कृत काव्य त्यांना मुखोद्गत होते आणि युरोपातल्या भाषाही अवगत होत्या. पण वक्तृत्वाच्या या कौतुकात त्यांच्या आयुष्यातले एक मोठे काम झाकून गेले. देश युद्धाच्या छायेत असताना, प्रश्न विचारणे हाच जणू अपराध ठरू पाहत असताना, राज्यकारभारातल्या भ्रष्टाचाराचा शोध घेणाऱ्या समितीत हा कोकणचा खासदार बसला होता. त्या कामाची ओळख नव्या पिढीला करून द्यायला हवी.

वेंगुर्ल्यापासून लंडनपर्यंत

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगावात आणि पुढे पुण्यात झाले. १९४२ च्या आंदोलनात उडी घेतल्यामुळे ऐन विशीत तुरुंग पाहिला. समाजवादाची दीक्षा त्याच काळातली. स्वातंत्र्याच्या सुमारास कायद्याच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. युरोपातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीत त्यांनी असे नाव कमावले की, तरुण समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या सहधर्मचारिणीही ऑस्ट्रियाच्या. एवढे जग पाहिलेला हा माणूस परत आला तो मात्र थेट लाल मातीत.

लंडनमधल्या त्या वर्षांत तिथे भारताचे उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. काश्मीरमध्ये १९४८ साली लढाई सुरू होती आणि सैन्याला गाड्यांची निकड होती. लंडनच्या कचेरीमार्फत जीपगाड्यांच्या खरेदीचा सुमारे ८० लाख रुपयांचा व्यवहार झाला. नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका फारशा परिचित नसलेल्या कंपनीशी करार झाला. प्रत्यक्षात आल्या १५५ गाड्या, आणि त्याही कामाच्या नव्हत्या. संसदेत ओरड झाली. सरकारने १९५५ साली हे प्रकरण आपल्यापुरते मिटल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. मेनन यांनी स्वतःच्या खिशात काही घातले, असे कधी सिद्ध झाले नाही. त्यांची राहणीही साधीच होती. पण युद्धाची घाई असली की नियम बाजूला ठेवता येतात, आणि मागाहून हिशेबही टाळता येतो, हा धडा स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी फार लवकर गिरवला.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाथ पै राजापूरमधून प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून आले. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो झाला १ मे १९८१ रोजी. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. रस्ते कच्चे, खाड्यांवर पूल नाहीत, रेल्वे तर नावालाही नाही. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर इथली चूल पेटायची. आलेल्या पंचवीस-तीस रुपयांतून किराणा, फी, औषध आणि सावकाराचे व्याज यांचा मेळ घालणाऱ्या इथल्या आयाबहिणींना हिशेब म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नव्हते. नाथ पै दिल्लीला गेले ते अशा घरांचे प्रतिनिधी म्हणून.

आणि लोकसभेत पाऊल टाकले त्याच वर्षी मुंदडा प्रकरण गाजले. आयुर्विमा महामंडळाने, म्हणजे सामान्य पॉलिसीधारकांच्या पैशांतून, हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी, पंतप्रधानांच्या जावयाने आणि सत्तारूढ पक्षाच्याच खासदाराने, ते प्रकरण सभागृहात मांडले. न्यायमूर्ती छागला यांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. संसदेने मनावर घेतले तर मंत्र्यालाही जाब द्यावा लागतो, हे नव्या खासदाराने पहिल्याच वर्षी पाहिले.

बासष्टचा हिवाळा

१९६२ ची निवडणूक काँग्रेसने महाराष्ट्रात जवळजवळ एकहाती जिंकली. राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा तिच्याकडे गेल्या. त्या लोंढ्यात राजापूरने मात्र नाथ पैंना पुन्हा निवडून दिले. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री मेनन यांनी आचार्य कृपलानींचा पराभव केला होता.

जून १९६२ मध्ये लोकसभेत गृहखात्याच्या मागण्यांवर चर्चा सुरू असताना सर्व बाजूंच्या सदस्यांनी प्रशासनातल्या वाढत्या लाचलुचपतीबद्दल चिंता व्यक्त केली. गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी ती मनावर घेतली. खासदार आणि अनुभवी अधिकारी यांची एक समिती नेमण्याचे त्यांनी मान्य केले. अध्यक्ष होते मद्रासचे ज्येष्ठ खासदार के. संथानम. सदस्यांत विरोधी बाकांवरचे नाथ पै होते, महाराष्ट्रातलेच र. के. खाडिलकर होते आणि पुढे सीबीआयचे पहिले संचालक झालेले डी. पी. कोहली होते.

समितीचे काम सुरू होते न होते तोच २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने नेफा आणि लडाख या दोन्ही आघाड्यांवर हल्ला चढवला. २६ ऑक्टोबरला आणीबाणी पुकारली गेली. भारत संरक्षण नियम आले. ऐन थंडीत पुरेसे गरम कपडेही नसलेले जवान हिमालयात लढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावचे. सावंतवाडी-कुडाळकडची कितीतरी घरे पिढ्यान् पिढ्या सैन्यात आणि आरमारात मुलगे पाठवणारी. या बातम्यांनी तिथल्या माजघरात काय झाले असेल, ते सांगायला नको.

या घटकेला विरोधी पक्षाने काय करावे? दोन सोपे मार्ग होते. सरकारच्या फजितीचे भांडवल करणे हा एक. दुसरा, देश संकटात आहे म्हणून तोंड मिटून बसणे. प्रजासमाजवादी पक्षाने आणि नाथ पैंनी दोन्ही टाळले. १४ नोव्हेंबरला लोकसभेने आक्रमकाला हुसकावण्याचा ठराव केला, तेव्हा सारे सभागृह एक होते. पण संरक्षण खात्याच्या गलथानपणाबद्दल मेनन यांनी जायला हवे, ही मागणीही थांबली नाही. ती केवळ विरोधकांची राहिली नव्हती. काँग्रेसच्या खासदारांनीही नेहरूंकडे तोच आग्रह धरला. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून गेले. त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पण युद्धात हरलेल्या सरकारला चार दिवस सभागृहात उभे राहून उत्तरे द्यावी लागली, हेच त्या ठरावाचे यश.

त्या हिवाळ्यात देशभर स्त्रियांनी राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी अंगावरचे सोने काढून दिले होते. कोणी बांगडी दिली, कोणी मंगळसूत्राची वाटी. ज्या बाईने आयुष्यभराची पुंजी अशी ओंजळीतून दिली, तिला त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा हक्क शांततेच्या काळापेक्षा युद्धाच्या काळात जास्तच असतो. संथानम समितीचे काम युद्धाच्या कारणासाठी थांबले नाही, याचे महत्त्व यात आहे.

अहवालाने काय सांगितले

समितीने ३१ मार्च १९६४ रोजी आपला अहवाल सादर केला. अहवाल साऱ्या समितीचा आहे, त्यातले कुठले वाक्य कोणाचे ते शोधण्यात अर्थ नाही. पण त्यात युद्ध आणि भ्रष्टाचार यांच्या नात्यावर जे लिहिले आहे, ते आजही वाचण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात वर्षाला शेकडो कोटी रुपये रसद आणि कंत्राटांवर खर्च होऊ लागले. टंचाई आली, रेशनिंग आले, परवाने आले. आणि या साऱ्यांतून वाममार्गी पैशाला कधी नव्हत्या इतक्या वाटा फुटल्या. लढाई संपली, पण त्या वाटा बुजल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर परवान्यांचे राज्य वाढले, तशा त्या रुंदच झाल्या.

समितीने रोगाची लक्षणे मोघम सांगितली नाहीत. बांधकामांच्या आणि खरेदीच्या कंत्राटांत साधारण ७ ते ११ टक्के रक्कम वाटली जाते आणि तिच्या वाटण्या ठरलेल्या असतात, हे तिने नोंदवले. काम नियमातलेच असते; फक्त फाइल लवकर हलावी म्हणून पैसे द्यावे लागतात, असे सांगून तिने दिरंगाई हीच लाचेची जननी असल्याचे दाखवले. खालच्या कारकुनापाशी ती थांबली नाही. मंत्र्यांनीही अल्पावधीत माया जमवल्याची भावना जनतेत खोल रुजली आहे, हे तिने स्वच्छ लिहिले. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या दहा सदस्यांनी एखाद्या मंत्र्याविरुद्ध लेखी, नेमका आरोप केला, तर तो चौकशीसाठी सोपवणे पंतप्रधानांनी वा मुख्यमंत्र्यांनी आपले कर्तव्य मानावे, अशी शिफारस केली. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर पूर्ण बंदी घालावी, असेही सुचवले.

यातल्या काही गोष्टी झाल्या. केंद्रीय दक्षता आयोग फेब्रुवारी १९६४ मध्येच स्थापन झाला. लाचलुचपतीचे कायदे त्याच वर्षी कडक केले गेले. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आली. पण दहा सदस्यांच्या आरोपावर चौकशीची ती वाट कधी मोकळी झाली नाही. खालच्या पायऱ्या झाडल्या गेल्या, वरच्या पायरीवर केरसुणी पोचली नाही. चीनशी लढाई महिनाभराची. पण तिच्यासाठी आणलेली आणीबाणी उठायला जानेवारी १९६८ उजाडले. पराभवाची कारणे शोधणारा लष्करी अहवालही जनतेपुढे ठेवला गेला नाही.

संसदेवरचा विश्वास

नाथ पैंच्या राजकारणाचा कणा एकच होता : संसद. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७ मध्ये मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, असा निकाल दिला. त्यावर हा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी एप्रिलमध्ये खासगी विधेयक आणले. विरोधी बाकावरच्या एका खासदाराच्या विधेयकावर देशभर चर्चा झाली, संयुक्त समिती बसली. लोकप्रतिनिधी लोकांना जबाबदार असतात आणि म्हणून ते हक्कांवर घाला घालणार नाहीत, असा त्यांचा भरवसा होता.

तो भरवसा जरा भाबडाच होता, असे आज म्हणावे लागते. त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ साली सरकारने घटनादुरुस्ती करून तो अधिकार मिळवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच संसदेने आणीबाणीत मान तुकवली. ज्यांनी नाथ पैंवर प्रेम केले, त्या समाजवादी सहकाऱ्यांपैकी अनेकांना तेव्हा तुरुंग पाहावा लागला. त्यांच्या जागी राजापूरने निवडून दिलेले प्रा. मधु दंडवते हेही त्यांतले एक. नाथ पै हयात असते तर ते कुठे असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

योगायोग असा की, लोकपालाचे विधेयकही त्याच लोकसभेत १९६९ साली मंजूर झाले होते आणि राज्यसभेची संमती मिळण्याआधीच बरखास्तीबरोबर गेले. नाथ पैंचे घटनादुरुस्तीचे विधेयकही त्याच दिवशी निकालात निघाले. लोकपालाचा कायदा व्हायला पुढे २०१३ साल आले, आणि पहिला लोकपाल नेमायला २०१९.

आज मालवणात बॅरिस्टर नाथ पै सेवांगण आहे. कोकणात रेल्वे यावी म्हणून ते झटले, ती रेल्वे १९९८ पासून सिंधुदुर्गातून धावते आहे. चिपीच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी घेतला. स्मारके झाली, हे बरेच झाले. पण पुन्हा कधी देशावर संकट आले, आणि आता प्रश्न विचारू नका असे कोणी सांगू लागले, तर बासष्टच्या हिवाळ्यात आपली बांगडी उतरवून देणारी ती बाई आठवावी. तिने सरकारवर विश्वास टाकला होता, हिशेबाचा हक्क सोडला नव्हता. तो हक्क तिच्या वतीने दिल्लीत जागता ठेवणारा वेंगुर्ल्याचा एक माणूस होता, एवढे तरी तिच्या नातवंडांना ठाऊक असावे.