लीबिगची नळी

युस्टुस लीबिग यांचा जन्म १८०३ साली जर्मनीतील डार्मस्टाट या शहरी झाला. त्यांचे वडील रंग, वार्निश व रासायनिक द्रव्ये तयार करून विकीत. वडिलांच्या उकळत्या भांड्यांभोवती लहानगा युस्टुस तासन् तास घोटाळत असे. शाळेत मात्र त्याचे मुळीच लक्ष लागेना. पुढे कोण होणार, असे एकदा गुरुजींनी त्याला विचारले. रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने सांगताच सारा वर्ग हसू लागला. रसायनशास्त्रावर कोणी पोट भरू शकेल, हे त्या काळी कोणाला खरे वाटत नव्हते. पुढे वडिलांनी त्याला एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस ठेवले. पण तेथेही तो फार दिवस टिकला नाही.

या मुलाने पुढे बॉन व एर्लांगेन येथे शिक्षण घेतले, पॅरिसला गे-ल्युसॅक या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले आणि १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. सैनिकांच्या एका रिकाम्या चौकीत लीबिग यांनी प्रयोगशाळा थाटली. बहुतेक ठिकाणी प्राध्यापक प्रयोग करून दाखवीत व विद्यार्थी दुरून पाहत. येथे प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी प्रयोग करावा, असा दंडक होता.

अशा प्रयोगशाळेत पदोपदी करावी लागणारी क्रिया म्हणजे ऊर्ध्वपातन. द्रव तापवून त्याची वाफ करावयाची आणि ती थंड करून शुद्ध द्रव मिळवावयाचा. तापविणे सोपे; अडचण थंड करण्याची! पूर्वी वाफेची वेटोळी नळी पाण्याच्या पिंपातून नेत. पण हळूहळू पिंपातील पाणीच तापे. वाफेची नळी दुसऱ्या रुंद नळीत बसवून दोहोंमधून थंड पाणी वाहते ठेवावे, ही युक्ती वायगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७७१ साली, म्हणजे लीबिग यांच्या जन्मापूर्वी बत्तीस वर्षे, प्रसिद्ध केली होती. पाणी खालून शिरते व वरून बाहेर पडते. त्यामुळे बाहेरची नळी सदैव भरलेली राहते आणि वाफ जसजशी खाली उतरते, तसतसे तिला अधिकाधिक थंड पाणी भेटते. पुढे ग्योटलिंग याने या नळीत सुधारणा केली.

लीबिग यांनी ती आपल्या प्रयोगशाळेत रूढ केली. ग्रंथात तिचे श्रेय त्यांनी स्वतःकडे न घेता ग्योटलिंगला दिले. परंतु गीसेनला देशोदेशींचे विद्यार्थी येत. त्यांनी ती जेथे पाहिली, जेथे वापरली, तेथील गुरूचेच नाव तिला चिकटले. लीबिग यांचे लिहिणे कोणी मनावर घेतले नाही आणि बिचाऱ्या वायगेलला तर लोक विसरूनच गेले.

लीबिग यांनी खरोखर शोधून काढलेले उपकरण निराळेच होते. १८३१ साली त्यांनी पाच फुगे असलेली काचेची एक त्रिकोणी नळी बनविली. पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू तिच्यातील द्रावणात शोषला जाई. मग नळीचे वजन किती वाढले, यावरून पदार्थातील कार्बन मोजता येई. या नळीने रसायनशास्त्राची फार मोठी सेवा केली.

१८५२ साली लीबिग म्युनिकला गेले आणि १८ एप्रिल १८७३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. गीसेनची त्यांची प्रयोगशाळा आता संग्रहालय झाली आहे. पाच फुग्यांची नळी आता संग्रहालयांतच पाहावयास मिळते. वायगेलची नळी मात्र आजही शाळाशाळांतून पाणी वाहते आहे, लीबिगच्या नावाने.